‘नाही’ म्हणा, पण लेखी

जामच्या चौरस्त्यावर कागद हातात धरून वाचता येत नाही. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून ट्रक गेला की टपरीच्या टिनापासून टेबलावरच्या पेपरापर्यंत सगळं फडफडतं, आणि एक ट्रक गेला की मागं दुसरा असतोच. म्हणून काकाजींनी ती झेरॉक्स टेबलावर पसरली, वर चहाची बशी ठेवली आणि बशीच्या भोवतीनं जेवढं दिसेल तेवढं वाचायला लागले.

झेरॉक्स दिव्यांग प्रमाणपत्राची होती. बशीच्या कडेलाच आकडा होता. 30 टक्के. तात्पुरतं.

ती आणणाऱ्या ताई जामजवळच्या एका गावच्या आशा सेविका. प्रमाणपत्र गावातल्या बावीस वर्षांच्या एका पोरीचं. तिला सिकलसेल आहे. काकाजी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची शेवटची आठ वर्षं त्यांनी ‘संजय गांधी’च्या टेबलावर काढली, म्हणजे गावात ज्याला निराधारचा पगार म्हणतात त्या टेबलावर. मी चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहत बसलेला तिसरा. दोघांची जुनी ओळख, पण मतं जुळणारी नव्हती. गाडी उशिरा आली, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं.

“तीस!” ताई म्हणाल्या. “जी पोरगी दर महिन्याला चार-चार दिवस अंगाचं गाठोडं करून निजते, तिला तीस. चाळीस असते तर पगार लागला असता.”

“रेघ कुठंतरी ओढावीच लागते, ताई. चाळीसची रेघ वैद्यकीय बोर्डानं नाही ओढली, दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यानं ओढली. उद्या ती पस्तीसवर आणली तर चौतीसवाला रडत येईल.”

“चौतीसवाल्याचं रडणं खोटं असते का?”

“खरं असते. पण टेबलावर बसणाऱ्यानं रडण्याकडे पाहून सही नसते करायची. तुम्ही बोगस पाहिले नाहीत, मी पाहिले. बदली टाळायला साठ टक्क्यांचा कागद घेऊन जिना चढून आलेला माणूस मी पाहिला आहे. 2024 मध्ये पुण्यातल्या परिविक्षाधीन आयएएसचं प्रकरण गाजलं, त्यातही दिव्यांग प्रमाणपत्राचा प्रश्न निघालाच. तेव्हापासून प्रत्येक कागद दोनदा उलटून पाहून राह्यले. कायद्यात कलम 91 काही उगाच नाही टाकलं. खोटेपणानं लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.”

“म्हणजे चोरीचा संशय मोठ्या पदावर, आन् झडती आमच्या गावात.”

काकाजी हसले नाहीत. “झडती सगळ्यांचीच होते. तुमच्या पोरीला ती जड जाते, हे मान्य.”

“जड नाही जी, उलटी जाते. सिकलसेलमध्ये तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते आन् बारीक नसेत अडकते. अडकली की तिथलं हाड, तिथलं मांस रक्तावाचून तडफडते. त्या दिवशी पोरगी उठून मोरीपर्यंत जाऊ शकत नाही, मग बोर्डापर्यंत कशी जाईल? बोर्डाची तारीख येते तेव्हा ती जर चालती-बोलती असली तरच आम्ही तिला गाडीत बसवतो. म्हणजे बोर्डापुढे उभी राहते ती चांगल्या दिवसाची पोरगी. वाईट दिवसाची पोरगी बोर्डानं कधी पाहिलीच नाही.”

यावर काकाजी थोडा वेळ गप्प होते. तुटलेला हात किंवा अधू डोळा बोर्डापुढे जसा असतो तसाच घरी असतो. हे दुखणं मात्र येतं आणि जातं, आणि टक्केवारी येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्याला एका तारखेला मोजते.

ताई थांबल्या नाहीत. “नागपुरात हा आजार 1958 मध्येच डॉक्टरांनी लिहून ठेवला. विदर्भातल्या घराघरात तो आहे. पण 1995 चा जो कायदा होता त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार. 2016 मध्ये एकवीस केले, तेव्हा थॅलेसेमिया आन् हिमोफिलियाबरोबर सिकलसेल आत आला. अठ्ठावन्न वर्षं! आन् आत येऊनही अर्धाच. शिक्षणाच्या पाच टक्क्यांत तो बसतो, पण सरकारी नोकरीच्या चार टक्क्यांत रक्ताचे आजार धरलेच नाहीत. कार्डांचं तर विचारूच नका. सिकलसेलचं पिवळं कार्ड म्हणजे नुसता वाहक, लाल म्हणजे पेशंट. आन् दिव्यांगाच्या युडीआयडीत पांढरं म्हणजे चाळीसच्या आत, पिवळं चाळीसपासून वर, निळं ऐंशीपासून वर. हिच्या आईला वाटलं, लाल आहे म्हणजे आपल्यापाशी सगळ्यात मोठं कार्ड आहे. मग हातात पांढरं आलं.”

“कायद्याचं दुखणं वेगळं, ताई. ते टपरीवर बरं होत नाही. आज आपल्या हातात काय आहे ते सांगा. कागद कुठं आहेत?”

ताईंनी साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर रिकामी केली. लाल कार्ड, सेवाग्रामच्या दवाखान्यातली दोन डिस्चार्ज कार्डं, रक्ताच्या तपासणीचे चार रिपोर्ट घड्यांवर फाटलेले, खुब्याचा एक एक्सरे, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या रबर लावून. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची गेल्या वर्षाची बारा पानं, वरचं टिन काढून घडी घातलेली.

“वर्षभरात भरती दोनदाच?”

“भरती दोनदा. दुखणं मोजलं नाही इतक्यांदा. रात्री गाडी कुठं मिळते? गावातल्या डॉक्टरकडून सुई घेतात, तो चिठ्ठी देत नाही. नाहीतर आई तव्यावर फडकं गरम करून शेकते. त्या शेकण्याची पावती कोण देईल?”

“हेच तर सांगून राह्यलो. सरकारला आठवण नसते, कागद असतो. दुखलं तेव्हा कागद झाला नाही, म्हणजे सरकारच्या लेखी दुखलंच नाही. मी निर्दयपणानं नाही बोलत. टेबलापलीकडून तसंच दिसते.” मग कॅलेंडरच्या पानांकडे बोट दाखवून म्हणाले, “आन् हे कायले आणलं?”

“आईनं दिलं. मी म्हटलं, असू द्या.”

“याच्यावर शिक्का नाही.” काकाजींनी पानं बाजूला सारली.

मग बोलणं पैशावर आलं, आणि तिथं गोष्ट फिरली. ताई म्हणाल्या, संजय गांधी निराधार योजनेत दुर्धर आजाराचे लोक बसतात, सिकलसेलचं नाव त्या यादीत आहे, म्हणून त्या आधी लाल कार्ड घेऊनच तालुक्याला गेल्या होत्या. तिथं त्यांना कोणीतरी तोंडी सांगितलं, ‘बसत नाही, चाळीस टक्क्यांचं आणा.’

“बाकीच्यांना महिन्याला 1500,” काकाजी हिशेब मांडू लागले. “दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2500. म्हणजे एकोणचाळीस आन् चाळीसमध्ये महिन्याला हजार रुपयांचा फरक, वर्षाला बारा हजार. उत्पन्नाची अटही वेगळी. दिव्यांगाच्या घराला वर्षाला 50,000 पर्यंत चालते, बाकीच्यांना 21,000.”

“वर्षाला एकवीस हजार म्हणजे दिवसाला किती, काकाजी?”

“अठ्ठावन्नच्या आत.”

“पूर्ण घराचे?”

“पूर्ण घराचे.”

“2025-26 मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 होती. एका घरानं शंभर दिवस काम केलं तर 31,200 होतात. सरकारनंच दिलेलं काम सरकारच्याच अटीबाहेर नेते. मग तुमच्या टेबलावर एकवीस हजारांचे दाखले येत होते ते कोणत्या घरांचे होते? जेवत नव्हते का ते?”

काकाजींनी चहा संपवला. बशी मात्र कागदावरच राहू दिली.

“जेवत होते. दाखला वीस हजारांचा यायचा, मला माहीत असायचं की खोटा आहे, तलाठ्यालाही माहीत, आणणाऱ्या म्हातारीलाही. आम्ही तिघं मिळून एक खोटं खरं करायचो, कारण खरं लिहिलं तर म्हातारी उपाशी राहते. मी त्याला दया समजत होतो.”

“दयाच होती.”

“नाही, ताई. ज्या अटीत खरा माणूसही खोटं बोलल्याशिवाय बसत नाही, तिथं खरा आन् बोगस एकाच रांगेत उभे राहतात. मग आम्हीच म्हणायचो, सगळे लबाड आहेत.” बोगस माणसाची गोष्ट सांगून कडक झडतीची बाजू घेणारे ते हेच काकाजी. झडतीवरचा त्यांचा विश्वास उडाला नव्हता. पण झडती घेणाऱ्यानं आधी लबाडी करायला लावली होती, हे त्यांच्या तोंडून निघून गेलं.

ताईंनी तो धागा सोडला नाही. “मग लढा तरी करू द्या ना. ऑक्टोबर 2025 मध्ये याच रस्त्यावर, तिकडं नागपूरच्या तोंडाशी, बच्चू कडूंचे ट्रॅक्टर उभे राह्यले होते. मुख्य मागणी कर्जमाफीची, पण दिव्यांगांच्या मानधनाचीही होती. त्याआधी जूनमध्ये मोझरीला त्यांनी उपोषण केलं, तेव्हा सहा हजार मागितले होते. रस्ता अडवल्याशिवाय कोण ऐकते? तुमच्या कागदानं पंधराशेचे अडीच हजार झाले का?”

“रस्त्यानं रक्कम वाढते, मान्य. पण वाढलेली रक्कम तुमच्या पोरीच्या खात्यात रस्त्यानं येत नाही, प्रमाणपत्रानंच येते. रस्ता सगळ्यांसाठी असतो, अपील एकट्यासाठी.”

“अपील म्हणजे पुन्हा गाडीभाडं, पुन्हा मजुरी बुडवणं.”

“तरीही. तुम्हाला दोन ‘नाही’ मिळाले आहेत. एक तालुक्याचा, तोंडी. एक बोर्डाचा, लेखी. यातला चांगला कोणता?”

“दोन्ही वाईट.”

“लेखी चांगला. तोंडी ‘नाही’ला अपील नसते, कारण कागदावर तो झालेलाच नसतो.” काकाजी आता हळू बोलत होते. “मी एक गोष्ट सांगतो, माझीच. टेबलावर असताना आम्ही अर्ज फार नामंजूर नाही करायचो. नामंजूर केला की कारण लिहावं लागते, कारण लिहिलं की सही लागते, सही केली की उद्या कोणी वर गेला तर उत्तर द्यावं लागते. त्यापेक्षा सोपं काय? ‘दाखला जुना आहे, नवा आणा.’ ‘साहेब मीटिंगला गेले, सोमवारी या.’ चार सोमवार झाले की माणूस यायचा बंद होतो. फाइलवर नकार नाही, रजिस्टरवर प्रलंबित नाही. माझं टेबल जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ होतं, ताई. कौतुक झालं होतं माझं.”

एक लांब कंटेनर गेला. बशीखालून झेरॉक्सचं टोक उचललं आणि परत खाली बसलं.

दिव्यांगांचा कायदा कोणी वाचला तर त्याला एक गोष्ट दिसेल. कलम 58 म्हणतं की तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं एकतर प्रमाणपत्र द्यावं, नाहीतर अपंगत्व नाही हे लेखी कळवावं. तिसरा मार्ग ठेवलेलाच नाही. निर्णय मान्य नसेल तर कलम 59 राज्यानं नेमलेल्या अपिलीय प्राधिकरणाकडे जायचा रस्ता देतं. 2017 च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत होती, 2024 मध्ये ती तीन महिने केली. मुदत वाढली, पण लेखी सांगण्याचं बंधन तसंच राहिलं. ‘सोमवारी या’ हा कोणत्याच कलमात बसणारा निर्णय नाही, आणि बहुतेक माणसं त्यावरच परत फिरतात.

“कोर्टानंही तेच म्हटलं,” काकाजी म्हणाले. “ऑक्टोबर 2024 मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात. त्याचं उलटं होतं. वाचादोष चाळीस टक्क्यांच्या वर म्हणून त्याला अपात्र ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नुसत्या आकड्यावर माणूस बाद करू नका, तो काय करू शकतो ते तपासा, आन् बोर्डानं कारणं लिहावीत. ते प्रवेशाचं प्रकरण आहे, आपल्या पगाराचं नाही. पण आकडा म्हणजे माणूस नव्हे, हे वरून खाली आलं.”

“खाली म्हणजे कुठपर्यंत? जामपर्यंत नाही आलं.”

“आणावं लागते.” काकाजींनी बशी उचलली, झेरॉक्स जवळ ओढली. “यात पाहा, फक्त रक्ताच्या आजाराचा रकाना भरला आहे. खुब्याचं कुठंच नाही. एक्सरे दाखवला होता?”

“पिशवीत होता. कोणी मागितला नाही.”

“आन् तुम्ही दिला नाही.”

ताई गप्प.

“सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडून ते झिजते, हे मी तुमच्यापाशीच ऐकलं. ती लंगडते ना? मग ते चालण्या-फिरण्याचं अपंगत्व म्हणून वेगळं तपासा, असं मागायचं. दोन अपंगत्वं असली तर टक्के सरळ नाही मिळवत, सूत्र आहे. मोठा आकडा घ्यायचा, त्यात लहान आकडा गुणिले नव्वद वजा मोठा, भागिले नव्वद, हे मिळवायचं.” त्यांनी सिगारेटच्या रिकाम्या पाकिटावर मांडलं. “समजा, खुब्याचे वीस दिले. नव्वदमधून तीस गेले, साठ. वीस गुणिले साठ, बाराशे. भागिले नव्वद, तेरा पूर्णांक तीन. तीस आन् तेरा, त्रेचाळीस.”

“म्हणजे होते?”

“वीस देतील की नाही, आन् ते वेगळं धरतील की नाही, हे बोर्ड ठरवेल. पण मागितल्याशिवाय कोणी ठरवणार नाही. आन् आधी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, तिचा तपासणीचा कागद मागा. दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर दहा रुपयेही लागत नाहीत. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. तीस टक्के कसे आले ते कळल्याशिवाय अपिलात लिहाल काय?”

ताईंनी कॅलेंडरची पानं पुन्हा त्यांच्यापुढं सरकवली. “आता हे पाहा. शिक्का नसला तरी पाहा.”

पानांवर तारखांच्या चौकोनात पेन्सिलीनं फुल्या होत्या. जिथं दूधवाल्याचे खाडे मांडतात तिथं या घरात वेगळेच खाडे मांडले होते. पोरगी निजून असली की आई तिच्यापाशी बसायची, कामाला जायची नाही. मजुरीचा हिशेब मुकडदमाशी जुळावा म्हणून तिनं स्वतःचे खाडे लिहिले होते. पोरीच्या दुखण्याची नोंद तिनं केलीच नव्हती, बुडालेल्या रोजाची केली होती.

काकाजींनी दोन्ही डिस्चार्ज कार्डं उघडली. पहिल्यावरची तारीख पाहिली, कॅलेंडरवर बोट नेलं. पाच दिवस भरती, पाच फुल्या. दुसरं कार्ड घेतलं. तीन दिवस भरती, तीन फुल्या आणि घरी आल्यावर आणखी चार. मग सगळ्या पानांवरच्या फुल्या मोजायला लागले, जुन्या सवयीनं ओठ हलवत. एकसष्ट.

“आठ दिवसांचा कागद आहे,” ते म्हणाले. “आन् त्या आठ दिवशी ही बाई खरं लिहिते आहे, हे शिक्क्याच्या कागदानं सिद्ध होते. मग बाकीच्या त्रेपन्न दिवशी ती खोटं काऊन लिहील? तेव्हा तर तिला माहीतही नव्हतं, हे कोणाला दाखवायचं आहे म्हणून.”

त्यांनी टपरीवाल्याकडून दोन कोरे कागद मागून घेतले. अक्षर कारकुनी होतं, मोत्यासारखं नव्हे, पण कुठलाच साहेब परत पाठवणार नाही असं. ‘विषय : दिव्यांगत्वाच्या टक्केवारीबाबत अपील.’ खाली तीन कलमी मजकूर. रक्ताच्या आजाराचं पुनर्मूल्यांकन, खुब्याची स्वतंत्र तपासणी, निर्णयाची कारणं लेखी. शेवटी ‘सोबत’ लिहून यादी. प्रमाणपत्राची प्रत, डिस्चार्ज कार्डं, रिपोर्ट, एक्सरे. आणि पाचव्या क्रमांकावर, किंचित थांबून : दिनदर्शिकेची पाने, 12.

“मुदत किती आन् कोणाच्या नावे, हे त्याच दवाखान्यातून विचारून घ्या. तेही लेखी. तालुक्याला लाल कार्डाचा अर्ज वेगळा टाका, दोन्ही दारं एकदम वाजवा. कुठंच दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, त्यांच्याकडे तक्रार करता येते.”

ताईंनी कागद पिशवीत ठेवला, पण चेहरा खुलला नव्हता. “काकाजी, एक विचारू? माझ्या गावात लाल कार्डवाले आणखी आहेत. शेजारच्या गावात आहेत. त्यांना टपरीवर निवृत्त कारकून भेटणार नाही. ज्या हक्काला तुमच्यासारखा माणूस ओळखीचा लागतो, तो हक्क कसला? ती तर वशिल्याचीच दुसरी जात झाली.”

“खरं आहे.”

“मग तुमचं कागदाचं म्हणणं चुकलं.”

“नाही चुकलं. रस्ता तुम्ही अडवा, मी येतो पाण्याची बाटली घेऊन. पण तोपर्यंत कागद करा. दोन प्रती. एक त्यांना, एक तुम्हाला. तुमच्या प्रतीवर पोच घ्यायची. शिक्का, तारीख, सही. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.”

माझी गाडी समोर लागली होती. कंडक्टर ‘वरोरा, चंद्रपूर’ ओरडत होता. मी पिशवी उचलली, तेवढ्यात ताईंचा शेवटचा प्रश्न कानावर आला.

“आन् पोच दिली नाही तर?”

काकाजी चाळीस वर्षं खिडकीच्या आत बसलेले. त्यांनी बशी कपाखाली परत ठेवली.

“तर म्हणायचं, देत नाही असं लिहून द्या.”